लेकाला खाली खेळायला सोडू की स्कॉलरशिपला बसवू?

पत्र:

ताई, आम्ही डोंबिवलीचे. मुलगा पाचवीत आहे, नुकतीच दहा पूर्ण झाली. पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ९ आले म्हणून मी त्याचं खाली खेळणं बंद केलं आणि स्कॉलरशिपच्या क्लाससोबत अबॅकसपण लावलं. तीन महिने झाले. मार्क काही वाढले नाहीत, उलट आता रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखतं म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. पुस्तक घेऊन बसतो पण अर्धा तास एकाच पानावर. अभ्यासाचं टेबल खिडकीशी लावलंय, समोर रेल्वेचे रूळ आहेत पण आता आम्हाला सवय झालीय. जरा बोललं की रडतो नाहीतर दार आपटतो. सासूबाई म्हणतात पोराला कोंडून ठेवलंयस. मिस्टर रात्री नऊला येतात आणि जेवताना पाढे विचारतात. झोपायला अकरा होतात, सकाळी सहाला उठवावं लागतं. सोसायटीत बॉल खेळायला बंदी आहे, त्याचा बॉल वॉचमनकडे जप्त आहे, तो आणायलाही मी गेले नाही. मैत्रीण म्हणते ब्रेन डेव्हलपमेंटचा क्लास लाव, एक पावडरपण येते म्हणे. लावू का? आणि मला अगंतुगं केलंत तरी चालेल, मोठी बहीण नाहीये मला.

— एक आई

उत्तर:

अगं, पहिलं सांगून टाकते, पावडर नको आणि तो क्लासही नको. मुलगा जेवतोय खातोय तर डब्यातल्या पोळीभाजीने, वरणाने, शेंगदाण्याच्या लाडवाने जे होतं त्यापेक्षा जास्त ती पावडर काही करणार नाही, तुझे पैसे मात्र जातील. आणि क्लास म्हणजे तो डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवणारा असेल ना, मेंदूचा मधला भाग जागा करतो सांगणारा, तर तिकडे फिरकूसुद्धा नकोस. पट्टी बांधली तरी नाकाशेजारी फट राहते आणि पोरं त्यातून खाली बघतात, एवढंच त्यातलं रहस्य आहे. त्यात वाईट हे की मूल खोटं बोलायला शिकतं आणि आईबाप टाळ्या वाजवतात.

दुसरं म्हणजे सासूबाई बरोबर आहेत. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस, वर्षभर ऐकवतील.)

पण तुझ्यावर मी चिडलेली नाहीये, कारण तू जे केलंस ते मी स्वतः कितीतरी वर्षं केलंय. मी पीटीची बाई होते, सव्वीस वर्षं, काउन्सेलिंग वगैरे नंतर शिकले. वर्गात गडबड केली की खेळाचा तास बंद, गृहपाठ नाही आणला तर मधल्या सुट्टीत वर्गातच बस, ही शिक्षा मी सर्रास करायचे. आणि त्याहून वाईट म्हणजे उशीर झाला की मैदानाला पाच चकरा. म्हणजे बघ, खेळ काढून घेणं ही पण शिक्षा आणि पळणं ही पण शिक्षा, मग पोरांनी समजायचं काय? परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई यायच्या, आज तुमचा तास देता का पोर्शन राहिलाय, आणि मी देऊन टाकायचे, वर स्टाफरूममध्ये निवांत चहा प्यायचे. खूप उशिरा लक्षात आलं की पोर्शन पुढे सरकायचा पण त्या दिवशीची शेवटच्या तासाची पोरं नुसती खिडकीबाहेर बघत बसायची. त्यांच्या डोक्यात काही शिरायचंच नाही.

हे नुसतं माझं निरीक्षण नाहीये. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन म्हणून संशोधक होते, त्यांनी २००९ साली नऊदहा वर्षांच्या २० मुलांना, म्हणजे अगदी तुझ्या लेकाच्या वयाच्या, एकदा नुसतं बसवून आणि एकदा ट्रेडमिलवर २० मिनिटं भरभर चालवून मग लक्ष देण्याच्या आणि वाचनाच्या टेस्ट दिल्या. चालून आल्यावर उत्तरं जास्त बरोबर आली, वाचलेलं समजणंही सुधारलं. वीसच मुलं होती, लहान प्रयोग, हे मान्य. म्हणून मग त्यांच्या टीमने मोठा केला, २२१ मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला शाळा सुटल्यावर रोज दोन तास खेळवलं, त्यातली साधारण ७० मिनिटं चांगली दम लागेल अशी, असं शाळेचं नऊ महिन्यांचं अख्खं वर्ष. तो निकाल २०१४ मध्ये आला. खेळलेल्या मुलांचं मन आवरून धरणं आणि एका विचारावरून दुसऱ्यावर चटकन वळणं दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलं, आणि ज्यांची हजेरी जास्त त्यांची सुधारणाही जास्त.

आता तू म्हणशील मन आवरून धरण्याचा आणि गणिताचा काय संबंध. अगं तोच तर आहे. तो अर्धा तास एका पानावर बसतो म्हणालीस ना, त्याला गणित येत नाही असं नसेलही, त्याला बाकीच्या दहा गोष्टी डोक्यातून बाजूला ठेवून एका गोष्टीवर टिकता येत नाहीये. कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे काम करतो तो सगळ्यात शेवटी तयार होतो, विशीच्या मध्यापर्यंत त्याचं काम चालूच असतं. दहा वर्षांच्या पोराकडे तो अर्धाकच्चा असणारच, आणि कच्ची गोष्ट पक्की होते ती वापरून, रागावून नाही.

खो-खो खेळलीयस ना शाळेत? आठव जरा. आठ जणी पाटीत बसलेल्या, एक या तोंडाने एक त्या तोंडाने, पाठीमागून नववी पळतेय. समोरून गडी अगदी हाताच्या अंतरावरून जातोय, झडप घालावीशी वाटतेय, पण खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. उठलीस की फाऊल. खो मिळाला की एका क्षणात कुठल्या बाजूला जायचं ते ठरवायचं, आणि एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही, खांबाला वळसा घालूनच पलीकडे जायचं. म्हणजे मोह आवर, नियम डोक्यात धर, परिस्थिती बदलली की प्लॅन बदल, आणि हे सगळं छातीचा भाता झालेला असताना. ब्रेन डेव्हलपमेंटचा क्लास म्हणून याला महिना चार हजार फी लावली असती तर आपण रांग लावली असती. लंगडी घे, डबा ऐसपैस घे (कोण कुठे लपलाय ते लक्षात ठेवणं म्हणजे स्मरणशक्तीच की), विषामृत घे, सगळ्यात तेच.

आणि इथेच मला तुझी दुसरी चूक होऊ द्यायची नाहीये, कारण मला माहितीये तू हे वाचून उद्याच फुटबॉल अकॅडमीची चौकशी करशील, किट, बूट, शनिवार रविवार सकाळी सहाची बॅच. थांब. उंदरांवरचा एक जुना प्रयोग सांगते, तोही इलिनॉयचाच, १९९० चा, विल्यम ग्रीनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. काही उंदरांना नुसतं चाकात पळवलं, काहींना दोऱ्या, फळ्या, अडथळे असलेल्या वाटेवरून तोल सांभाळत जायला लावलं. नुसतं पळणाऱ्यांच्या मेंदूत, तोल सांभाळणाऱ्या भागात, रक्तवाहिन्या वाढल्या. पण पेशी एकमेकींना जोडणारे नवे सांधे वाढले ते अडथळेवाल्यांच्या मेंदूत. उंदीर आहेत आणि तेही पूर्ण वाढ झालेले, त्यावरून पोरांचं सगळं ठरवता येत नाही, तरी मला ते पटतं. त्याच्याही आधी १९६४ साली कॅलिफोर्नियात मॅरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की खेळणी आणि सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूचा वरचा थर एकट्या कोंडलेल्या उंदरांपेक्षा जाड असतो. सासूबाईंचा शब्द कोंडून ठेवलंयस हाच होता, गंमत आहे की नाही.

सांगायचं एवढंच की पळणं चांगलंच, पण सोबत चार पोरं, थोडी भांडणं, स्वतः ठरवलेले नियम, कुठेतरी चढणं उतरणं, असं असलं तर जास्त चांगलं. कोचने शिट्टी वाजवली की धाव, परत शिट्टी की थांब, यात डोकं कोच वापरतो. त्याला खरंच फुटबॉल आवडत असेल आणि तो स्वतः मागत असेल तर जरूर घाल, पण ही एक आणखी परीक्षा म्हणून नको. आणि अबॅकस बंद कर. मला माहितीये फी भरलीये. गेली समज. आठवड्यातले ते तास मोकळे झाले की खेळायला वेळ कुठून आणू हा प्रश्नच मिटतो.

आता पोटाचं. आपल्याकडे पोटात गोळा येणं म्हणतात ना, ते नुसतं बोलण्यापुरतं नाहीये. भीती वाटली की शरीर पळायची नाहीतर लढायची तयारी करतं, हृदय धडधडतं, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं, कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं. वाघ दिसला तर हे उपयोगाचं. पण वाघ म्हणजे गणिताची वही असेल तर पळायचं कुठे? तो जागेवर बसून राहतो आणि ती सगळी तयारी पोटात साठते. त्याचं पोट खरंच दुखतंय, तो नाटक करत नाहीये, एवढं तू मनाशी पक्कं कर, मग बोलण्याचा सूर आपोआप बदलेल. पळताना काय होतं बघ, तीच धडधड, तोच घाम, तोच धपापलेला श्वास, पण मजेत, आणि नंतर दहा मिनिटांत सगळं खाली येतं. म्हणजे चढणं आणि उतरणं दोन्हीची सवय होते. तीन महिने त्याचं उतरायचं साधन तू काढून घेतलंस आणि चढायची मात्र दोन नवीन ठिकाणं दिलीस.

सगळाच ताण वाईट असं मी म्हणत नाही हां. हार्वर्डचे जॅक शॉनकॉफ आणि त्यांचे सहकारी ताणाचे तीन प्रकार सांगतात, एक थोडा वेळचा आणि उपयोगाचा, जसा स्पर्धेआधी येतो. दुसरा मोठा पण जवळच्या माणसाच्या आधाराने झेपणारा, आणि तिसरा दिवसचे दिवस चालणारा, ज्यात मुलाच्या बाजूने कुणी नाही. तुझं घर तिसऱ्यात अजिबात नाहीये, पत्र लिहायला बसलीस यातच आलं. पण रात्री साडेनऊला घास तोंडात असताना सतरा नव्वे किती, हे बंद करा. मिस्टरांचंही मी समजू शकते, दिवसभरात मुलाशी बोलायला तेवढाच वेळ आणि दुसरं काय बोलावं सुचत नाही, मग पाढे. त्यांना सांग आज खाली कोण आऊट झालं ते विचारा. नाहीतर काहीच विचारू नका, नुसते शेजारी बसा. पाढे शनिवारी दुपारी.

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाहीस. रविवारी पोट दुखतं का? सुट्टीत दुखत नसेल तर शाळेत काय चाललंय ते बघावं लागेल. गणितच असेल असं नाही. कुणी चिडवतंय का, व्हॅनमधली मोठी पोरं त्रास देतायत का, सर सगळ्यांसमोर मार्क वाचून दाखवतात का. आणि हसू नकोस, शाळेतली टॉयलेट. किती पोरं सकाळपासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत कारण तिकडे जायचं नसतं, पोट दुखणार नाही तर काय. समोरासमोर बसवून चौकशी केलीस तर तो काही सांगणार नाही, भाजी आणायला बरोबर ने, चालता चालता पोरं बोलतात. आणि पोटदुखीने रात्री झोपेतून उठायला लागला, उलट्या, ताप, वजन उतरणं असं काही दिसलं तर परत डॉक्टर, तिथे माझा सल्ला चालवायचा नाही.

टेबलाकडे वळू. सवय झालीय म्हणालीस, तुला झाली असेल. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा होती, तिच्या एका बाजूच्या वर्गांशेजारून उंचावरची रेल्वे जायची, थोड्या थोड्या वेळाने गाडी, बाई बोलायच्या थांबायच्या. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट म्हणून मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९७५ साली दाखवलं की रुळांकडच्या वर्गातली सहावीची मुलं पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. शाळा एकच, फक्त खिडकी वेगळी. मग रुळांखाली रबराचे पॅड घातले, वर्गाच्या छताला आवाज शोषणारं आवरण बसवलं, आणि नंतर पाहिलं तर फरक गेला होता. मला हा किस्सा फार आवडतो कारण त्यात मुलांना कुणी काहीच केलं नाही, ना क्लास ना पावडर, फक्त आवाज कमी केला. तुला मध्य रेल्वेच्या रुळांखाली काही घालता येणार नाही पण टेबल आतल्या खोलीत नेता येईल, आणि तो अभ्यासाला बसला की हॉलमधली सिरीयलही बंद. सासूबाईंची सिरीयल बंद करणं हे कठीण काम आहे, तर त्याच्या अभ्यासाची वेळ सिरीयलच्या आधीची ठेव, कशाला घरात महाभारत.

झोपेचं तर तू स्वतःच लिहून टाकलंस, अकरा ते सहा म्हणजे सात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात. दिवसभर शिकलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत, त्यामुळे दोन तास कमी झोपवून एक तास जास्त अभ्यास हा आतबट्ट्याचा धंदा आहे. आपल्या सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, तुझा नेमका पाचवीत, आता काय बोलायचं. सकाळ हलत नसेल तर रात्र हलवायची. साडेआठला जेवण, बाबांची वाट न बघता, नऊसव्वानऊला दिवा बंद. बाबा रविवारी भेटतील, आणि रविवारी मैदानावर भेटतील. पूर्वेला राहत असाल तर घरडा सर्कलचं क्रीडासंकुल आहेच, पश्चिमेला असाल तर खाडीकडे चालत जा. हिरवळ, झाडं असली तर अजून बरं. इलिनॉयलाच (तिकडच्या लोकांना दुसरं काम नाही बहुतेक) एकाग्रतेचा त्रास असलेल्या १७ मुलांना २० मिनिटं बागेत, २० मिनिटं वस्तीत आणि २० मिनिटं शहरातल्या भर गर्दीच्या भागात फिरवलं होतं, मुलं तीच, बागेतून आल्यावर लक्ष सगळ्यात चांगलं लागलं.

रोज किती खेळवू विचारशील. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते, दम लागेल असं, सलगच हवं असं नाही, तुकड्या तुकड्यात चालतं, आणि आठवड्यात तीन दिवस जरा जोराचं, उड्या, चढणं, लटकणं असलं. क्लासवरून आल्यावर आधी खाली, मग अभ्यास. उलटं नाही. अभ्यास झाला तर खेळायला सोडेन ही अट काढून टाक, नाहीतर खेळ परत बक्षीस होऊन बसतो आणि तू परत जप्त करशील, मी तुला ओळखते, मीही तशीच होते. स्कॉलरशिपचा क्लास चालू ठेवायचा का हे त्याला विचार, खरंच विचार, उत्तर मनात ठरवून नको. पावसात जिने आहेत, पार्किंग आहे, दोरीउड्या आहेत, गच्चीची किल्ली असेल तर गच्ची, पण तिथे मोठं माणूस बरोबर हवं.

मार्क पंधरा दिवसांत वाढणार नाहीत. आधी बहुतेक दार आपटणं कमी होईल, मग भूक वाढेल, मग पोट. तेवढं बघ आणि दोन महिन्यांनी मला लिही. तरीही सकाळी रडारड चालूच राहिली तर एखाद्या बालमानसोपचारतज्ज्ञाला भेट, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सोसायटीचं सांगायचं राहिलं. बॉल खेळायला बंदी का, तर गाड्यांच्या काचा. मग टेनिस बॉलऐवजी प्लास्टिकचा बॉल, साडेपाच ते साडेसात, गेटकडची बाजू, एवढं घेऊन पुढच्या मीटिंगला जा, एकटी नको, ज्यांची पोरं आहेत अशा तीनचार जणी मिळून जा, सेक्रेटरी एकटीला गुंडाळतात. तोपर्यंत लगोरी मांडा, फरशीचे सात तुकडे आणि कापडाचा चेंडू, त्यावर काही कुणी नियम केलेला नसतो.

आणि आज संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन खाली जा, वॉचमनकडून तो बॉल सोडवून आण. त्याच्यासमोर तूच माग.